अंगठ्याखालची ओळ

कुणीही कागद पुढे केला की काका आधी पहिल्या ओळीवर अंगठा ठेवायचे आणि दुसरीपासून वाचायला लागायचे. "पहिली ओळ घाबरलेल्या मानसाची असते गो," म्हणायचे, "तिच्यात काय नाय."

पोलादपूरला कचेरीसमोर, चहाच्या टपरीला लागून त्यांचं टेबल होतं. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. तुमच्याही तालुक्याला असा एखादा माणूस असेलच. मी वरच्या वाडीत अंगणवाडी सेविका. वजनकाटा बिघडला म्हणून मी ऑफिसला पानभर अर्ज केला होता, त्यात नम्र विनंती तीनदा आणि काटा एकदाच. कोण लक्ष देणार? काकांनी तो वाचला, हसले आणि नवा कागद घेतला. "वजनकाटा दोन महिने बंद आहे. सतरा मुलांचं वजन झालेलं नाही. नवा काटा द्यावा." संपलं. आठ दिवसांत काटा आला की हो!

मग मीच हट्टाला पेटले. बेचाळिसाव्या वर्षी लिहायला शिकायचं. सासूबाई म्हणाल्या, "आता काय मॅट्रिकला बसतेस काय?" पण मी दर मंगळवारी मीटिंग संपली की काकांच्या टेबलाशी. त्यांनी दोन वह्या करायला लावल्या. रोज पाच ओळी लिहायच्या, त्या दिवशी घडलेल्या. एक वही माझ्याकडे, एक तपासायला त्यांच्याकडे, मंगळवारी अदलाबदल. मी नाचणीची भाकरी आणि जवळ्याची चटणी न्यायचे. ते भाकरी खात खात लाल पेन चालवायचे.

"'अत्यंत दुःख झालं' कशाला लिवलंस? रडलीस काय?"

"रडले."

"मग रडले लिही की. लाजतेस कुणाला?"

खरं सांगते, त्या वहीत मी नवऱ्याला न सांगितलेलंही लिहायला लागले. या माणसापासून काय लपवायचं, असं वाटायचं.

एकदा सकाळी सासूबाईंना धाप लागली. मदतनीस रजेवर. मी मुलांना घरी पाठवलं, जीप केली आणि महाडला दवाखाना गाठला. सासूबाई वाचल्या. पण पोरांचा खाऊ शिजायचा राहिला, ते मनाला लागून राहिलं. संध्याकाळी वहीत लिहिलं आणि पुढच्या मंगळवारी ती वही काकांकडे दिली.

पुढचा मंगळवार यायच्या आतच ऑफिसातून बोलावणं आलं. माझ्याविरुद्ध अर्ज होता, सेविकेला काढून टाका म्हणून. वाडीतल्याच एकाला माझ्या जागी आपली सून बसवायची होती, त्याची सही. तिथल्या मॅडमनी कागद पुढे केला. माझा अंगठा आपोआप पहिल्या ओळीवर गेला. पण तिथे झाकण्यासारखं काही नव्हतंच. अर्ज थेट सुरू झाला होता. "अकरा वाजता अंगणवाडीला कुलूप लावलं. सतरा मुलं न जेवता घरी गेली."

अहो, ही माझी वाक्यं! शब्दाला शब्द! माझं तिसरं वाक्य तेवढं त्यात नव्हतं.

तशीच टेबलाशी गेले. "काका, हे तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "लिवलं. धंदा हाय माझा. येईल त्याचं लिहितो. आज तुझं, उद्या त्याचं."

"पण वाक्यं माझी आहेत! माझ्या वहीतली!"

"चांगली होती गो," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर चक्क कौतुक होतं. "बदलायला हात धजला नाय."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्यासमोर मन मोकळं केलं, हीच चूक झाली," एवढं बोलले आणि निघाले. वही मागितलीही नाही. त्या रात्रीचा स्वयंपाक खारट झाला.

खुलासा मीच लिहिला. चार ओळी. तिसरं वाक्य सगळ्यांत वर घेतलं. मॅडमनी वाचलं, दवाखान्याचा कागद पाहिला, नोकरी राहिली. ज्याने बुडवायला काढलं त्याच्याच शिकवणीने तरले, याचा मला आजही राग येतो. नंतर मंगळवारी मी मुद्दाम पलीकडच्या बाजूने चालायचे. एकदा त्यांनी हात वर केला होता. मी बघितलं नाही.

या वर्षी काका गेले. त्यांच्या जागेवर आता ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. टपरीवाल्याने परवा हाक मारली. "ताई, तुमची वही. म्हातारा सांगून गेला होता, तिलाच द्या."

एसटीत बसून त्या दिवसाचं पान काढलं. पहिल्या दोन ओळींना लाल शाई लागलेली नव्हती. तिसरीखाली मात्र दोनदा रेघ ओढलेली, आणि समासात त्यांचं बारीक अक्षर. "सगळ्यांत खरं वाक्य. हे कधी गाळू नको."

म्हणजे त्यांना कळलं होतं. माहीत असून अर्जातून गाळलं.

मी त्या लाल अक्षरांवर अंगठा ठेवला आणि माझी ओळ वाचली. "सासूबाईंना श्वास घेता येत नव्हता."