उलट्या मीटरचा मालक

गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला सगळे ‘कडक’ म्हणत. त्याच्या हातची कॉलर ताठ असे आणि मानही. घरात, दुकानात छोट्या प्रमाणावर वीज तयार करणाऱ्यांना उत्तेजन देणारा कायदा आला, तेव्हा सरकारनं आपली दखल घेतली असं त्याला आयुष्यात प्रथमच वाटलं. त्यानं दुकानाच्या छपरावर सौर पॅनेल बसवून घेतलं. बसवणाऱ्यानं समजावलं, की वापरून उरलेली वीज बाहेर जाते आणि तेव्हा मीटर उलटं फिरतं. ‘वापरून’ हा शब्द कडकनं सोडून दिला.

उलटं फिरणारं मीटर बघण्याचा त्याला नादच लागला. इस्त्री लावली की ते अडखळे. मग त्यानं माळ्यावरची कोळशाची इस्त्री खाली काढली.

“अहो, धूर कमी व्हावा म्हणूनच कायदा केलाय ना?” बायको खोकत म्हणाली.

“धूर घरातच राहतोय. बाहेर जाते ती वीज स्वच्छ आहे.”

दुकान चालत होतं ते कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या पांढऱ्या टेबलक्लॉथांवर. एकावर ठिणगी पडली. मॅनेजर ते घेऊन आला आणि भोकाला डोळा लावून म्हणाला, “शेठ, यातून पलीकडचं गिऱ्हाईक दिसतं.”

“एकच तर भोक आहे.”

“गिऱ्हाईकही एकच राहील मग.”

पुढच्या आठवड्यापासून टेबलक्लॉथ यायचे थांबले. दुकानात शुकशुकाट झाला, मीटर मात्र भलतंच जोमात आलं. इतकं, की वीज कंपनीचे साहेब ‘आदर्श उत्पादक’ असं मानपत्र घेऊन दारात हजर झाले.

“धंदा काय तुमचा?” साहेबांनी विचारलं.

“वीज,” कडक म्हणाला.

“आणि इस्त्री करायचो आम्ही,” बायको म्हणाली.

साहेबांना फोटो हवा होता, पण त्यांचा शर्ट चुरगळलेला. कडक कोळसे फुलवायला वळला. तेवढ्यात बायकोनं विजेची इस्त्री लावली आणि दोनच हात फिरवून शर्ट कोरा करकरीत करून दिला. कडकच्या चेहऱ्यामुळे फोटो काही चांगला आला नाही.

त्याच दुपारी ती हॉटेलात गेली.

“विजेवर करून देईन. बघा एकदा.”

“आणि शेठ?”

“त्यांना मी बघते.”

टेबलक्लॉथ परत आले. मीटरसमोर तिनं एक लांब कोट टांगून ठेवलाय. कडक अधूनमधून चौकशी करतो, कोटाचं गिऱ्हाईक अजून कसं आलं नाही.