गालातला श्वास

“फुंकायला गाल पुरतात, छातीला कशाला कामाला लावायचं?” असं एल्सी एकदा म्हणाली होती.

स्मोलांडच्या त्या काचकारखान्यात हे वाक्य नव्या माणसांना कौतुकाने ऐकवलं जाई, आणि दर वेळी सिक्स्टनच्या पोटात दुखे. तो बावीस वर्षं भट्टीपुढे होता, एल्सी चौदा. तरी मुख्य कारागिराचं बाकडं तिला मिळालं होतं. तो लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच गोळा करून आणी. ती गाल किंचित फुगवी, नळी बाकड्याच्या दांड्यांवर फिरवत राही, आणि वाडगा असा उतरे की तो फोडून टाकावा असं त्याला वाटे.

चाळिशीनंतर दम्याने तिला गाठलं. ॲप्रनच्या खिशात निळा पंप आला. ऑक्टोबरात सिक्स्टनने एकदा नीट पाहिलं. पंप तोंडात धरून ती दाबे, गाल फुगत आणि पांढरी वाफ ओठांच्या कडेने निसटून जाई. औषध छातीत उतरतच नव्हतं. तोंडात काही धरलं की गाल पुढे, जन्माची सवय. सिक्स्टनला हे कळलं, कारण त्याच्या बायकोला, मायलिसला, दमा होता; नर्सने तिला शिकवलं तेव्हा तो शेजारी बसला होता.

तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग बोलणं अवघडच होऊन बसलं. हिवाळाभर तो तिच्या खोकल्याकडे कान लावून असे, शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसा.

मार्चमध्ये जड नळी फिरवताना तिला धाप लागली आणि मोठा वाडगा दुसऱ्यांदा कलंडला. कॉफीच्या सुट्टीत मुकादम होल्गर म्हणाला, “सोमवारपासून बाकड्यावर सिक्स्टन. एल्सी, तू आधी बरी हो.”

“बाकडं पुसून ठेवते,” एल्सी म्हणाली. “साहेबांच्या पँटला डाग नकोत.”

सगळे हसले. दालचिनीचे पाव तिच्याकडेच सरकवले गेले. सिक्स्टनचं अभिनंदन कुणी केलं नाही. बाकडं मिळूनही तो जळतच राहिला.

सगळे उठून गेले. ती दोघंच उरली, तेव्हा तिला उबळ आली. तिने पंप दाबला, पुन्हा दाबला. वाफ बाहेर. ओठ करडे पडले.

“अगं, गालात घेतेस तू ते,” त्याच्या तोंडून निघून गेलं. “ताठ बस. पंप हलव. आधी श्वास सोड, जमेल तेवढा. ओठ घट्ट मिट. आता हळूहळू आत ओढायला लाग, आणि ओढता ओढता दाब. ओढत राहा. आता धर. मी मोजतो.”

सहावरच तिचा श्वास सुटला.

“अर्धा मिनिट थांब. पुन्हा हलव, पुन्हा तसंच.”

या वेळी दहा. वाफेचा एक धागाही बाहेर आला नाही. थोड्या वेळाने तिचे खांदे सैल झाले, चेहऱ्यावर रंग आला. त्याला बरं वाटलं. आणि त्याच क्षणी मनात आलं, आता हिला सगळंच परत मिळणार.

“कुणी शिकवलं तुला?”

“मायलिसच्या नर्सने.”

“माझं चुकतंय, हे कधी दिसलं?”

‘आत्ताच’ म्हणता आलं असतं.

“ऑक्टोबरात,” तो म्हणाला.

 एल्सीने पंप खिशात टाकला, खुंटीवरचा कोट काढला, दार लोटलं आणि ती बाहेर पडली.