बाजारातला यादवकालीन दगड

आमचं गाव पिशोरच्या अलीकडं, नदीकाठी वसलेलं आहे, असं पाहुण्यांना सांगतात. नदी वर्षातून दोन महिने असते. उरलेले दहा महिने तिच्या पात्रात शुक्रवारचा बाजार भरतो, शेळ्या बसतात, लग्नाचे मांडव पडतात. तरीही मागल्या वर्षी गावानं नदीचं सुशोभीकरण करायचं ठरवलं. पाणी आणणं अवघड, म्हणून पायऱ्या आणि रंगीत दिवे आणले.

सुशोभीकरण म्हटलं की इतिहासाचा फलक आलाच. तो लिहायला मी सापडलो. मी शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका कार्यालयात खुर्चीवर बसतो, म्हणजे गावाच्या मते विद्वानच. सरपंच म्हणाले, "इतिहास जुना पायजे. निदान शेजारच्या गावापेक्षा तरी जुना."

मी बरंच डोकं खाजवलं. गावात ना किल्ला, ना लेणी, ना शिलालेख. निजामाचा एक अंमलदार म्हणे पाणी प्यायला थांबला होता आणि पाणी मचूळ लागलं म्हणून पुढं गेला. एवढ्यावर फलक भरेना. मग मला बाजारातला काळा सपाट दगड आठवला. त्याच्या कडेला रेघा होत्या. मी लिहून टाकलं, 'नदीपात्रातील कोरीव शिळा यादवकालीन असावी.' त्या 'असावी'वर मी फार खूश होतो. विद्वान माणसं असंच लिहितात.

त्या दगडावर आई बसायची. माझ्या जन्माआधीपासून, दर शुक्रवारी, पुढ्यात घरच्या मिरच्या आणि वांगी मांडून. 'दगडावरची बाई' एवढ्या खुणेवर लांबच्या वस्त्यांवरून लोक यायचे आणि दुपारपर्यंत पाटी रिकामी व्हायची. तिथं बसूनच तिनं मला शिकवलं. फलक लिहिताना हे सगळं मला माहीत होतं. पण आईजवळ इतिहास असतो, असं मला कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं.

दिवाळीत गावी गेलो तो शुक्रवार होता. दगडाला शेंदूर फासलेला, भोवती लोखंडी जाळी, वर पत्रा. माझ्या 'असावी'कडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. बाया नारळ घेऊन रांगेत उभ्या होत्या. आई मात्र कुठं दिसेना. शेवटी सापडली ती पार मटणाच्या दुकानांमागं, ओल्या जमिनीवर, खताच्या रिकाम्या पोत्यावर.

"इथं का बसलीस?"

"तिथं आता देव बसलाय. तूच लिव्हलं म्हनं."

मी तिला यादवांविषयी सांगू लागलो. तिनं मिरच्यांवरच्या माश्या हाकलत सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या आज्यानं आनला व्हता तो दगुड, बैलगाडीत घालून. आपल्या हिरीतून निघाला. तवा तू पोटात व्हतास. मला चिखलात बसाया लागू नये म्हून."

"आणि त्या रेघा?"

"पहारीच्या. दुसऱ्या कशाच्या असत्यात?" तिनं मिरच्या पुन्हा नीट रचल्या. "मला इचारायचं तरी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला भयंकर लाज वाटली. तडक सरपंचांकडं गेलो, म्हटलं, माझं चुकलं, फलक काढा, आईला तिची जागा द्या. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. "साहेब, दोन नवस फिटलेत तिथं. तुमचा इतिहास काढू एक वेळ. देवाला कसं उठवायचं?"

बाजार उठला तेव्हा घरी निघालो. जाळीपाशी आई थांबली, चप्पल काढली आणि तिनं हात जोडले. मी म्हणालो, "अगं, तुला तर ठाऊक आहे ना तो कसला दगड आहे?"

"ठाव हाय म्हून तर जोडले. मामंजींनी आनलाय माझ्यासाठी." तिनं चप्पल पायात सरकवली. "तू जोड तुझ्या यादवाला."

मग पाटी माझ्या डोक्यावर दिली. ती भरलेलीच होती.