काळ्या पाहुण्याचा मान

स्वातंत्र्यानंतर पाचसहा वर्षांनी मुलगी पाहायला मी भाट्याची खाडी होडीनं ओलांडत होतो. रंगापायी तीन नकार पचवलेले, म्हणून तोंडावर पावडर थापली होती. शेजारी ग्लासगोच्या बोटींवर हयात घालवलेला म्हातारा खलाशी लोकरीचा मोजा विणत होता. वल्ह्यांच्या संथ चालीवर त्यानं मला स्कॉटलंड हिंडवलं. चुणीदार घागरे घातलेले पुरुषसुद्धा दाखवले.

मग सुया थांबवून म्हणाला, "पूस ती पावडर, बाबा. तिथं नव्या वर्षी घरात पहिला पाय काळ्या माणसाचा पडावा म्हणून लोक खोळंबतात. हातात कोळसा न्यायचा. माझी केवढी वट होती." आणि तिथली आठवण म्हणून खिशात जपलेला कोळसा त्यानं माझ्या हातावर ठेवला.

पावडर पुसून, तो हातात घेऊनच मी मुलीकडचा उंबरठा ओलांडला. होकार आला.

"स्कॉटलंडचा गुण," मी अजून सांगतो.

बायको म्हणते, "कसला गुण? रंगाचा नमुना सोबत आणणारा माणूस फसवणार नाही, एवढंच वाटलं."