मास्तरांचा लांबवलेला हात

सन १९६३. मी तेवीस वर्षांचा होतो, चौथी नापास. मेहकरच्या बाजारात वांगी विकताना एका बाबूनं चार लोकांसमोर माझ्यावर इंग्रजी झाडलं, म्हणून हट्टाला पेटून इंग्रजी शिकायला निघालो होतो. आमच्या गावच्या शाळेत दिवेलागणीला इंगळे मास्तर मोठ्या माणसांचा वर्ग घेत. फुकट.

मास्तरांची रीत न्यारी. खडू, टोपी, कंदील, जे सापडेल ते हातात धरून आपल्यापुढे करायचे अन् म्हणायचे, "टेक." आपण इंग्रजीत वाक्य बोलून ती वस्तू घेतल्याशिवाय हात खाली येत नसे. सखाराम न्हावी फार अडखळे.

"घ्या ना सखारामभाऊ, माहा हात काऊन वाळू घालता?"

"काय करू मास्तर, जीभ वस्तऱ्यावानी चालत नाही ना!"

एकाच क्रियापदावर मास्तरांनी अख्खा उन्हाळा काढला. म्हणायचे, "टेक म्हणजे भाकर आहे. कशासंगही खाता येते. आपण आंघोळ करतो, इंग्रज आंघोळ घेते. आपण फोटो काढतो, तो फोटो घेते. रजा घेते, औषध घेते. आपल्याले वेळ लागते, तिथंही त्याचं टेकच." मग हसून, "म्या दीक्षा घेतली, तिलेही टेकच लावा."

मास्तरांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आमच्या गावाच्या लेखी मात्र ते होते तिथलेच होते. खडू-टोपीपर्यंत आम्ही त्यांच्या हातून घेत होतो.

एका संध्याकाळी त्यांनी माठातून पाण्याचा पेला भरला. पहिला नंबर माझा. हात लांबवून म्हणाले, "टेक वॉटर."

वाक्य मला पाठ होतं. मी ते खणखणीत म्हटलं आणि हात मागे बांधून उभा राहिलो.

वर्गात कोणी हलेना. मी घेतलं असतं तर बाकीच्यांनीही घेतलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. माळ्याच्या पोरानं गावात मान खाली घालायची नाही, एवढंच डोक्यात होतं. मास्तरांचा हात अवघडला, पेला कलला, पाणी मनगटावर सांडलं. तरी ते हात तसाच धरून थांबले. शेवटी म्हणाले, "इट टेक्स टाइम. वेळ लागते," आणि पाणी स्वतः पिऊन टाकलं.

सखाराम बाहेर आल्यावर म्हणाला, "मर्दा, पाणीच होतं ना बे!"

"मंग तू काऊन उठला नाही?" मी म्हटलं. तो चालू लागला. मीच जिंकलो.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी हात लांबवणं सोडलं. वस्तू टेबलावर ठेवत आणि बाजूला सरकत. आम्ही उचलून घ्यायची. शिकवण्यात कसूर नव्हती, माझं चुकलं तर दहादा सांगत. पण तो हात कोणापुढेच आला नाही. सखारामापुढेही नाही.

पुढं त्यांची बदली देऊळगाव राजाला झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी पेढे आणले, टेबलावर ठेवले, बाजूला सरकून म्हणाले, "घ्या लेकहो." पेढा उचलून मी तसाच उभा राहिलो. मास्तर, हातात द्या, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर गेलो. एस.टी. उभी होती, मास्तर खिडकीशी, मांडीवर पाण्याचा, झाकणवाला फिरकीचा तांब्या.

"मास्तर, पाणी द्या," मी म्हटलं. "तहान लागली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. झाकणात पाणी ओतलं आणि ते ठेवायला जागा शोधू लागले. सीटवर पाहिलं, खिडकीच्या कडेवर पाहिलं. कुठं जागा नव्हती. तेव्हा कुठे तो हात बाहेर आला.

घेण्याआधी मी वळून मागं पाहिलं, आपल्या गावचं कोणी आहे का म्हणून. मास्तरांनी ते पाहिलं.

मग मी पाणी प्यालो.