गांगुर्डे मॅडम आणि जावाच्या बाहुल्या

कुणी बोलता बोलता ‘आता ते सगळं संपलं’ म्हणालं, की गांगुर्डे मॅडम हातातला चहा खाली ठेवत. “शेवटचं कुणी केलं? ते आता काय करतात?” नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवत, मी मराठी. आमचे शिपाई पवार एकदा म्हणाले, सुरगाण्याकडच्या त्यांच्या गावात मुखवटे घालून नाचायचा बोहाडा आता होत नाही. मॅडम रविवारी एसटीने तिथे जाऊन चौकशी करून आल्या. सोमवारी म्हणाल्या, “होतो की, पवार. तुम्हीच जात नाही.”

जावाचं प्रकरणही असंच सुरू झालं. कॉलनीतल्या बौद्ध मंडळींबरोबर त्या जावा बेटावरचा बोरोबुदूरचा स्तूप पाहायला गेल्या होत्या. तिथल्या एका दुकानात त्यांना चपट्या, रंगवलेल्या लाकडी बाहुल्या दिसल्या. जावाचा चामडी बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ पुष्कळांना ऐकून माहीत असतो. लाकडी बाहुल्यांचा खेळ फारसा कुणाला ठाऊक नाही. दुकानदार म्हणाला, आता हा कुणी करत नाही. मग काय, पुढच्या मे महिन्यात मॅडम एकट्याच परत गेल्या.

पूर्व जावातल्या एका खेड्यात त्यांना एक म्हातारे बाहुलीकार सापडले. त्यांचे हात थरथरत, म्हणून खेळ त्यांची वाती नावाची मुलगी करायची. रात्रभराचा खेळ तिने दोन तासांवर आणला होता. मध्ये सिनेमाची गाणी, गावातल्या लोकांची थट्टा. लग्नांत, शाळांत तिला बोलावणी असत. मॅडमनी तिथली भाषा शिकून घेतली, पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि दर सुट्टीत तिकडे जात राहिल्या.

प्रबंधाच्या मार्गदर्शकांना मात्र वाती पसंत पडली नाही. ते म्हणाले, ही बिघडलेली आवृत्ती आहे. तिच्यावरचं प्रकरण गाळा आणि शीर्षकात ‘अस्तंगत होणारी कला’ असं घाला.

“मॅडम, बदला शीर्षक आणि मोकळ्या व्हा,” मी म्हटलं.

“इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये माझे बाबा डफावर भीमगीतं म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “आता तिथली पोरं कीबोर्डवर म्हणतात. भीमगीतं संपली असं मी लिहू का?”

त्यांनी मार्गदर्शक बदलले. त्यात बरीच वर्षं गेली. त्यांच्या मागून आलेले लोक डॉक्टर झाले, विभागप्रमुख झाले. शेवटी प्रबंध तयार झाला आणि त्याच सुमारास वातीचा फोन आला. फोन ठेवून मॅडम मला म्हणाल्या, “तिचे वडील गेले. वाद्यं वाजवणारे शहरात निघून गेले. ती बुटांच्या कारखान्यात लागली. खेळ थांबवलाय.”

“प्रबंधात लिहायलाच हवं का?” मी विचारलं.

“मग दुसरं काय लिहू?”

शेवटच्या प्रकरणात त्यांनी ते सगळं लिहिलं. तोंडी परीक्षेला मी मागच्या रांगेत बसले होते. परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं, “म्हणजे कला अस्तंगतच झाली ना?”

मॅडम पाणी प्यायल्या. “नाही सर. एक बाई दमली. ती का दमली, ते मी लिहिलंय. अस्तंगत म्हटलं की कुणाला काही विचारायचं उरत नाही. सूर्य आपोआपच मावळतो.”

परीक्षकांनी पुढचं पान उलटलं. पदवी मिळाली. मॅडमनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, पण स्वतः खाल्ला नाही.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि पुन्हा जावाला निघाल्या. सामान भरायला मी गेले होते. दर वेळी खेळ टिपायला न्यायच्या तो रेकॉर्डर टेबलावरच होता. मी तो बॅगेत ठेवायला उचलला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “आता काम नाही. भेटायला चाललेय.”

त्या परत आल्यावर मी विचारलं, “वाती खेळाचं काही म्हणाली का?”

“मी विषय काढला नाही. तिला आठवड्यात एकच सुट्टी. त्या दिवशी आम्ही बाजार केला, मासे केले, जेवलो आणि दुपारभर झोपलो.” मग हसून म्हणाल्या, “इतकी वर्षं गेले तिच्याकडे, तिला झोपलेली कधी पाहिलीच नव्हती.”