चोराची मावशी

जयवंतीमावशीला हळू बोलता येत नसे. आमच्या वाडीत ती मासे विकायची, आणि तिने माझ्या कानात सांगितलेलं गुपित समोरच्या घरातली माणसं ऐकायची. अशी बाईही घाबरू शकते, हे तिच्याकडे चोरी झाली तेव्हा कळलं.

बाबलो नावाच्या चोराने भरदुपारी तिला ढकलून गळ्यातली माळ ओढली. जाता जाता चुलीवर सुरमईचं कालवण दिसलं, तर जेवायला बसला. तिथेच सापडला. माळ परत मिळाली, त्याला शिक्षा झाली. पण कोर्टातून नेताना तो म्हणाला, "सुटल्यार बघतंय तुका." तेव्हापासून मावशी उशाशी कोयता ठेवून जागीच.

"तो कधी सुटतलो, तां तरी माका कळूक होया," म्हणत ती मला घेऊन तुरुंगावर गेली.

शिपायाने विचारलं, "तुम्ही त्याच्या कोण?"

"त्येनां जेचा घर लुटल्यान, ती."

"मग नाही सांगता येत. नातेवाइकांनाच कळवतो आम्ही."

मावशीने पदर सावरला. "मी मावशी त्येची." आणि फोन नंबर आमच्या घरचा दिला.

नातं लावल्यावर भेटणं आलंच. जाळीपलीकडे तिला बघून बाबलो मागे सरकला. नेलेलं कालवण आत चालेना, तेव्हा तिने ते त्याला नुसतं सांगितलं. वाटण कसं, कोकम कधी घातलं. अख्खा तुरुंग गप्प बसून ऐकत होता. बाबल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तोवर त्याला भेटायला कोणी आलंच नव्हतं.

एके दिवशी फोन आला, "तुमचा भाचा उद्या सुटतोय, न्यायला या." मावशीने कोयता माझ्या पिशवीत घातला. तुरुंगाच्या दारात मी पिशवी पाठीमागे धरली.

बाबलो बाहेर आला तो तिच्या पायाच पडला.

"माज्या घराकडे येतलंस?"

"बोलावलंस तर येतंय."

"मी काय बोलवूचंय नाय."

"मग नाय येवचंय."

तिने त्याला कोल्हापूरच्या गाडीत बसवलं, डबा दिला आणि कंडक्टरला बजावलं, "फोंडाघाट चढापर्यंत ह्येका उतरूक देव नको."

परतीच्या गाडीत मावशी बोलता बोलता माझ्या खांद्यावर झोपली. घोरणंही बोलण्याच्याच पट्टीतलं. आमचा थांबा आला, गेला. विजयदुर्गाला गाडी रिकामी झाली.

"शेवटचा थांबा, ताई. उठवा त्यांना."

"राहू दे," मी म्हटलं. "फार दिवसांनी झोपलीय."

कंडक्टर दार हळूच लोटून खाली उतरला.